काकणभर जास्त

बसा असे, ह्या ओंडक्यावर. पाणी चढल्याशिवाय होडी हलायची नाही, आणि पाण्याला अजून बराच अवकाश आहे. तोवर तुम्हाला एका घराची गोष्ट ऐकवतो. घर म्हणाल तर एवढंसं, पण त्यापायी दोन माणसं अशी इरेला पेटली की पूर्णगडचा अख्खा शिमगा त्यात गेला. आवडली नाही तर होडीचे पैसे देऊ नका, झालं?

भिकाजी तांडेलानं नारळ उचलला आणि देवीच्या पायरीवर आपटला. एकाच दणक्यात दोन भकलं. पाणी बाबू गुरवाच्या धोतरावर उडालं.

"हळू रे मेल्या," बाबू म्हणाला. "देवी काय बहिरी नाय. बोल, काय गाऱ्हाणं घालायचं?"

"जनीकाकीचं घर मला पायजे."

"ते अख्ख्या गावाला म्हायती हाय."

"उद्या माझं गलबत सुटतंय. शिमग्याशिवाय मी काय परत येत नाय. मागं आत्माराम मुंबईसनं कागद धाडून बोली वाढवत बसणार, आणि मी तिकडं मंगळूरच्या बंदरात कौलं भरत बसणार. मला कळायच्या आत घर गेलेलं असेल. म्हणून असं घाल गाऱ्हाणं, की आत्माराम जे काय देईल, त्याच्यापेक्षा काकणभर जास्त भिकाजीचं."

बाबूनं भकलं उचलली, कुठलं देवीचं नि कुठलं आपलं ते ठरवलं, आणि मग विचारलं, "कुठवर?"

"म्हणजे?"

"म्हणजे हद्द सांग. तीनशेवर काकणभर ठीक. हजारावर पण काकणभर काय? माझ्या तोंडातनं एकदा गेलं की ते देवीचं झालं. मागनं मला शिव्या घालायच्या नायत."

"अरे, तांडेल हाय मी. पाणी किती खोल ते बघत बसलो तर दर्यात उतरलोच नसतो."

"बघतोस की! शिसं सोडून सोडून खोली बघतोस आणि मगच गलबत आत घेतोस. आज शिसं घरी इसरलास काय?"

देवळात होती ती चार माणसं हसली. खांबाला टेकून जनी म्हातारी बसली होती, तिनं तोंडातली मशेरी बाहेर टाकली आणि म्हणाली, "हद्द कशाला घालतोस रे बाबू? घर माझं हाय. वाढतंय तर वाढू दे की!"

झालं. भिकाजीचा स्वभाव असा की चार माणसं हसली की तो मागं यायचा नाही. त्यानं छाती पुढं काढली आणि म्हणाला, "हद्द नाय. घाल."

बाबूनं डोळे मिटले. "आई, तुज्या पायाशी भिकाजी उभा हाय. जनीच्या घराला आत्माराम जे काय देईल, त्याच्यापेक्षा काकणभर जास्त भिकाजीनं द्यावं, आणि घर भिकाजीच्या पदरात पडावं. व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. जनीचा आवाज सगळ्यांत मोठा.

भिकाजीची बायको सगुणा मागं बायकांच्या बाजूला उभी होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.  तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

आता घर काय होतं ते सांगतो. खाडीच्या वर, चढणीला, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. पुढं पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि मागं चूल. दोन माड आणि एक फणस. जनीचा नवरा मरून तेरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर वर्षी कौलं परतायला माणूस लावायचा, गडगा पडला की रचून घ्यायचा, हे तिच्यानं होईना. म्हणून विकायला काढलं.

भिकाजीला ते कशाला हवं होतं? त्याला स्वतःला नकोच होतं. तो वर्षाचे आठ महिने गलबतावर. त्याला झोपायला फळी आणि वर शीड पुरे. पण लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षं सगुणा थोरल्या दिराच्या घरात, मालन जावेच्या हाताखाली. मालन बाई वाईट नव्हती, पण कोठीची किल्ली तिच्या कमरेला, आणि ती किल्ली झोपेतसुद्धा सुटायची नाही. तांदूळ ती काढून द्यायची, सगुणा शिजवायची. भिकाजी दर्यावरून आला की त्याच्या ताटात माशाची दुसरी तुकडी वाढायची तरी सगुणेचा हात हवेत थांबायचा आणि डोळे जावेकडं जायचे. हे भिकाजीनं एकदा पाहिलं. एकदाच पाहिलं, पण ते त्याच्या डोळ्यांत घुसलं ते घुसलंच.

दुसऱ्या दिवशी सगुणा त्याला पोचवायला पुळणीवर आली. गाठोडं त्याच्या हातात देताना म्हणाली, "मी बघून आले."

"काय?"

"काकीची चूल. दोन तोंडांची हाय, बाजूला भांडं गरम ठेवायला वायल पण हाय. धूर बरोबर वर जातो."

एवढंच. बावीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. भिकाजी होडीत बसला तेव्हा त्याला वाटलं, हद्द घातली नाही ते बरंच केलं.

पण दर्यावर माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो.

मालवणच्या बंदरात पूर्णगडचं एक गलबत भेटलं. तिकडच्या तांडेलानं दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं, "भिका रेऽ! आत्माराम तीनशेवर गेलान!"

भिकाजी हसला. तीनशे त्याच्यापाशी होते.

मंगळूरला कौलं भरताना दुसरं गलबत आलं. साडेतीनशे. भिकाजीनं कानातली बाळी काढून कमरेच्या पिशवीत टाकली. सदू खलाशी बघत होता. तो म्हणाला, "तांडेल, ह्या तुमच्या बोलीला शीड हाय, पण सुकाणू नाय."

"तू तुझा दोर ओढ."

"ओढतोय. पण मुंबयवाल्यानं उद्या उगाच हजार म्हटलान तर?"

"तो कशाला म्हणेल? तुमच्यासारका मूर्ख हाय काय तो?" मागून दुसराच कोणी तरी तांडेलाला म्हणाला, आणि सगळे खलाशी दुसरीकडं बघायला लागले. भिकाजी रागावला नाही. तेच तर तो रोज स्वतःला विचारत होता.

परतीच्या वाटेवर कारवारात कळलं, चारशे दहा. भिकाजीचा त्या गलबतात दोन आण्यांचा हिस्सा होता. वीस वर्षं राबून मिळवलेला. तो त्यानं तिथंच भागीदाराला देऊन टाकला. कारवारात शिरला तो मालक म्हणून, निघाला तो पगारी तांडेल म्हणून. गलबत तेच, वारा तोच. पण सदू सांगायचा, त्या दिवसापासून तांडेल सुकाणूवर जरा बाजूला सरकून उभा राहायला लागला.

शिमग्याला तो गावात आला, तेव्हा पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली होती. मुंबईकर सगळे आलेले. नवी धोतरं, डोक्याला वासाचं तेल, आणि तोंडात मिलच्या गोष्टी. आत्माराम त्यांच्यात उठून दिसायचा. मिलात जॉबर होता तो. पायात बूट, कोटाच्या खिशात घड्याळ. माणूस दिलाचा बरा होता हां, खोटं कशाला बोलू? गावातल्या किती तरी पोरांना त्यानं मिलात चिकटवलं होतं. त्यालाही घर हवं होतं. भावाभावांच्या वाटण्यांत त्याच्या वाट्याला गोठ्याची अर्धी भिंत आली होती. वर्षातनं एक महिना गावी यायचं आणि पाठ टेकायला आपलं छप्पर नाही, हे त्याला खुपायचं.

सकाळी, पालखी घरोघर निघायच्या आधी, सगळे सहाणेपाशी जमले. आत्मारामानं बूट काढले, पालखीला हात जोडले आणि भिकाजीकडं वळला.

"आलास तांडेल? सहा महिने मी तुझ्या भुताशी बोली लावत होतो."

"भूत कशाला? शब्द होता माझा."

"तेच म्हणतो. मी तीनशे बोललो, तुझा शब्द तिथंच. मी साडेतीनशे बोललो, शब्द तिथंच. शब्दाला ना पोट, ना पोरं. माणूस असता तर कधीच खाली बसला असता."

"मग आता बस तू."

"पैशात बसलो," आत्माराम म्हणाला. "चारशे दहाच्या पुढं माझ्याकडं पै नाय. ह्याच्यावर तुझं काकणभर काय ते ठेव."

भिकाजीनं कमरेची पिशवी काढून पालखीपुढं ठेवली. "चारशे पंधरा. मोज बाबू. घर माझं."

"थांब. पैसा संपला म्हटलं मी, बोली संपली नाय म्हटलं." आत्माराम जनीपाशी जाऊन उकिडवा बसला. "काकी, घर विकून तू जाणार कुठं?"

"अंजनवेलीस. भाच्याकडं."

"तो न्यायला येतोय?"

"येईल की. गाडी मोकळी झाली की येतो म्हणून निरोप हाय."

"दिवाळीपासनं गाडी मोकळी होतेय त्याची!" मागून कोणी तरी म्हणालं, आणि लोक हसले. जनी हसली नाही. तिनं मशेरीची डबी उघडली, आत बघितलं आणि परत मिटली.

"मी अकरा महिने मुंबईस असतो," आत्माराम म्हणाला. "घराला माणूस नको काय? पडवी तुझी. मरेपर्यंत. झाडलोट कर, तिन्हीसांजेला दिवा लाव. तुला कुणी हलवणार नाय." मग उठून त्यानं भिकाजीकडं पाहिलं. "आता ह्याच्यावर काकणभर दे बघू."

 एकदम सगळेच बोलायला लागले.

"हे पैशाचं होतं! पडवी कुठनं आली मधी?"

"पैशाचं कुठं म्हटलान? 'जे काय देईल' असं म्हटलान. मी होतो ना तिथं."

"मग पडवी आणि वर एक घोंगडी दे!"

"घोंगडी द्यायला पडवी काय आभाळातली हाय? घोंगडी नसेल तर म्हातारी गारठून मरेल. ती त्यातच आली."

"पडवी आणि एक माड!"

"माडावर काय म्हातारी चढणार?"

"चढेन मी," जनी म्हणाली. "तुला काय करायचंय?"

बाबूनं हात वर केला. गाऱ्हाणं त्याच्या तोंडातलं, तेव्हा निवाडाही त्याचाच. "हे बघा, घर जसं भायेरनं आत जातं तसं मोजायचं. पडवीच्या आत ओटी. भिकाजी, पडवीवर काकणभर म्हणजे ओटी. देतोस?"

भिकाजीनं एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं. सगुणा जमिनीकडं बघत होती. ओटी काय, बाहेरचीच जागा. तो स्वतः घरी नसतोच. "दिली," तो म्हणाला.

"मग मी माजघर देतो," आत्माराम लगेच म्हणाला. त्याला आता मजा यायला लागली होती. "मला काय! मी शिमग्याला येणार, ओटीवर पथारी टाकणार. काकी माजघरात राणीसारकी राहू दे."

सगळ्यांनी भिकाजीकडं पाहिलं. आता माजघराच्या आत काय, ते बाबूला सांगायची गरज नव्हती. पोरंसुद्धा सांगू शकली असती.

 वादळात भिकाजीनं शिडं कापून टाकली होती, माणसं वाचवली होती, पण असा घाम त्याला कधी फुटला नव्हता. त्यानं डोक्याचा रुमाल काढला, हातात गोळा केला. मग खाली वाकून पैशांची पिशवी परत उचलली.

"बाबू, माझं गाऱ्हाणं मागं घे."

"मागं?" बाबूचा आवाजच फुटला. "देवीपुढचं? खुळा झालास काय?"

"दंड काय तो सांग. नारळ, कोंबडा, काय असेल ते. घर आत्मारामाला दे."

लोक कुजबुजले. तांडेल माणूस, शब्द फिरवतोय, तोही पालखीसमोर! म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. थोरला भाऊ तिथंच होता, त्यानं तोंडावर उपरणं ओढून घेतलं. भिकाजी रुमाल पिळत तसाच उभा.

आणि तेव्हा बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"चूल."

सगुणा. ती पुढं आली नव्हती, होती तिथंच होती. पदर मात्र आता बोटाला नव्हता, हात सरळ खाली होते.

"काय म्हणालीस?" बाबूनं विचारलं.

"माजघरावर काकणभर. चूल काकीची. घर आमचं, चूल तिची. ती जिवंत हाय तवर."

भिकाजी म्हणाला, "अगो, पण—"

"शब्द मागं घ्यायचा नाय," ती म्हणाली, आणि परत जमिनीकडं बघायला लागली.

आत्मारामानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा पालखीकडं. मग तो मोठ्यानं हसला, पण ते हसणं कुचकं नव्हतं. "संपलो मी. चूल काय माझ्या हातातली नाय. चुलीची मालकीण परळच्या खोलीत बसलीय, आणि तिला विचारल्याशिवाय मी इथं चूल वाटून गेलो तर ती मला चाळीच्या जिन्यावर उभा करील." तो बुटात पाय घालत खाली वाकला. "घे बाबा तांडेल. भुताबरोबर जिंकलो असतो. भुताच्या बायकोबरोबर नाय."

ढोल वाजायला लागले, पालखी उठली. त्या गोंधळात जनी उठून सगुणेपाशी आली. जवळ येऊन तिचं तोंड बघितलं, वाण्याच्या दुकानात डाळ बघतात तसं.

"तुला कुणी सांगितलान गो हे बोलायला?"

"कुणी नाय."

"हं," जनी म्हणाली, आणि पालखीच्या मागं चालायला लागली.

घरी जाताना भिकाजी चार पावलं पुढं, सगुणा मागं. गडग्यापाशी तो थांबला.

"चुलीसाठीच घर घेतलं होतं."

"म्हायती हाय."

"हिस्सा दिला मी गलबतातला."

ते तिला माहीत नव्हतं. ती उभी राहिली. खाली खाडीत त्याचं गलबत नांगरलं होतं, तिकडं तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ती भायेर पडवीत बसली असती आणि मी आत तिच्याच चुलीवर भांडं ठेवलं असतं, तर मी मालनजाऊच झाले असते की वो. फक्त किल्ली तेवढी नवी."

 भिकाजीनं रुमाल झटकून डोक्याला बांधला आणि पुढं चालायला लागला. ह्या खेपेला मात्र चार नाही, दोनच पावलं पुढं.

मग रत्नागिरीस जाऊन खरेदीखत झालं. जनीनं अंगठा उठवला, आणि शाई पुसायला कारकुनाचाच टिपकागद मागून घेतला. पाडव्याला घरात कलश ठेवला. त्या दिवशीचं जेवण थोरल्या भावाकडंच झालं, मालननं हौसेनं केलं, आणि निघताना सगुणेच्या ओटीत तांदूळ घातले ते न मोजता. खरं सांगतो, न मोजता. मालनच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी पडवीत येऊन बसला. आपल्या घरातली पहिली सकाळ. समोर खाडी, उजवीकडं किल्ल्याचा बुरूज, होड्या बाहेर चाललेल्या. त्याला वाटलं, आता मागून धुराचा वास येईल, मग पेज येईल. बसला. ऊन पडवीच्या पायरीवर आलं. धूर आला नाही.

आसपासच्या सगळ्या कौलांतून धूर निघायला लागला. ह्याच एका घरातून नाही.

त्यानं मान मागं करून आत कान दिला. आत दोघी होत्या, ते बांगड्यांवरून कळत होतं. बोलत मात्र नव्हत्या. तो उठून ओटीवर आला, तिथून माजघरातून आतलं दिसायचं. चुलीच्या एका बाजूला जनी, दुसऱ्या बाजूला सगुणा. मधे चूल, चुलीत गार राख, आणि काडेपेटी वायलावर ठेवलेली. दोघी काडेपेटीकडं बघताहेत.

"पेटव," जनी म्हणाली.

"चूल तुमची हाय काकी."

"घर तुझं हाय."

"शब्द दिलाय देवीपुढं."

 भिकाजी पाऊल न वाजवता मागं सरला आणि पडवीत येऊन बसला. तिथं आपलं काम नाही एवढं त्याला कळलं. पण कान आतच होते.

बऱ्याच वेळानं जनी म्हणाली, "बरं. शब्द दिलास तर दिलास. पेटवीन मी, शिजवीन मी. मला काय, हातांना सवय हाय. पण तेरा वर्षं मी एकटीनं पेज खाल्ली. सकाळी पेज, रात्री पेज. काय कर म्हणून सांगणारं कोणी नाय. नवरा होता तवर तो सांगायचा. आता तू सांग."

"मी काय सांगू?"

"आज काय करायचं ते. तुला काय खावंसं वाटतं?"



पडवीत बसून भिकाजीनं मनात म्हटलं, सांग की. मग त्याला वाटलं, आपणच आतल्या आत ओळखावं. आणि तिथं तो अडला. कुठल्या बंदराच्या तोंडाशी कुठला खडक आहे, कुठल्या महिन्यात कुठल्या घटकेला वारा फिरतो, हे तो झोपेत सांगायचा. पण सगुणेला काय आवडतं? तिखट? आंबट? मासा कुठला? बायका मागाहून जेवायच्या, मालन आणि ती, तो हात धुऊन बाहेर गेल्यावर. बावीस वर्षांत त्यानं तिचं ताट पाहिलेलं नव्हतं.

गडग्यापलीकडून शेजारचा लवू माडी काढून चालला होता. त्यानं हाक मारली, "काय तांडेल! नव्या घरात जेवण काय हाय आज?"

"ठरतंय," भिकाजी म्हणाला.

"अजून ठरतंय? ऊन बघ केवढं चढलं!"

"चढू दे. तू जा."

आत काकणं वाजली. सगुणेचा आवाज आला, हळू, पण भिकाजीनं तो याआधी कधी ऐकलेला नव्हता असा.

"थांबा वो काकी. मला जरा विचार करू दे."

जनीनं काडेपेटी उचलली होती, ती परत खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेर भिकाजीच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यानं पोटावर हात ठेवला आणि भिंतीला टेकून बसला.

आता तुम्ही मला "मग? मग काय म्हणाली?" असं करून टोचू नका. दोन घटका जरा गप्प बसा, आणि तिला सवडीनं ठरवू द्या.